शेवटच्या हाताचा रकाना

सोमवारपासून टायपिस्टबाईंना खुर्ची चावत होती. बसायच्या, उठायच्या, खिडकीशी जायच्या, परत यायच्या, की-बोर्डवर दोन अक्षरं मारायच्या आणि काहीतरी विसरल्यासारख्या पुन्हा उठायच्या. त्यांची केबिन काचेची. एका अंगाला नमुन्यांची खोली, दुसऱ्या अंगाला कापड रंगवायच्या टाक्या. त्यामुळे ही येरझार दोन्हीकडच्यांना दिसायची. नमुन्याच्या खोलीतल्या पोरी म्हणाल्या, "बाईंना आज मुंग्या चावतायत." टाकीवाले म्हणाले, "आज कसल्या, सोमवारपासून."

बाईंना शनिवारपर्यंत एक गोष्ट ठरवायची होती. कारखान्याचा रेसिपीचा प्रोग्रॅम गेली बावीस वर्षं एका जुन्या कॉम्प्युटरवर खोकत-खाकरत चालला होता. तो आता नव्यानं लिहायचा होता, आणि कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत लिहायचा ते बाईंनी सांगायचं होतं. "हलकीफुलकी स्क्रिप्टची भाषा बघा, काकू. आज लिहिलं, आज चालवलं, उद्या बदललं, अशी. फक्त तिला आपल्या जुन्या डेटाबेसशी बोलता आलं पाहिजे," एवढं सांगून धाकटे मालक मोकळे झाले. त्यांचं काय जातंय सांगायला. डेटाबेसात चार हजार शेड, म्हणजे रंगछटा, होत्या. प्रत्येक शेडला कोणता रंग किती, मीठ किती, सोडा किती, पाणी किती तापवायचं, सगळं होतं. आजवर प्रोग्रॅम चिठ्ठी छापायचा आणि माणूस ती वाचून तराजूवर वजन करायचा. आता फाटकापाशी लाकडी खोक्यात एक मोजणी पंप येऊन पडला होता. तो चिठ्ठी वाचणार नव्हता. आकडा प्रोग्रॅममधून थेट पंपात आणि पंपातून थेट टाकीत.

टायपिस्ट हे नाव बाईंना पहिल्या दिवसापासून चिकटलं होतं. तेविसाव्या वर्षी त्या इथं पत्रं टाइप करायला लागल्या. पुढं मोठ्या मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर खोळ घातली आणि कुणी हात लावेना. बाई त्याचं जाडजूड पुस्तक घरी घेऊन गेल्या. गॅसशेजारी ठेवून वाचलं, त्याच्या पानांना तेलाचे डाग पडले, आणि सात महिन्यांनी त्यांनी रेसिपीचा प्रोग्रॅम उभा केला. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी एक पत्र टाइप केलं नव्हतं, पण कारखान्यात अजून कुणी नवा आला की त्याला सांगितलं जायचं, "कॉम्प्युटरचं काही असलं तर टायपिस्टकडं जा."

त्या वेळी एकच माणूस आडवा आला होता, रंगमास्तर. तेव्हाही त्यांचे केस पिकलेले होते, आणि हात मनगटापर्यंत निळसर. बाई एकेक शेड घेऊन त्यांच्यासमोर बसायच्या आणि आकडे लिहून घ्यायच्या. मास्तर सगळं सांगायचे, पण शेवटी गाडी अडायची. रंग चढला की मास्तर कापडाचं टोक बाहेर काढत, उजेडात धरत, आणि मग वरून आणखी थोडा रंग घालत. त्याला कारखान्यात म्हणायचे शेवटचा हात.

"शेवटचा हात किती, मास्तर?"

"बघून."

"बघून म्हणजे किती ग्रॅम?"

"अगं टायपिस्ट, बघितल्याशिवाय कसं सांगू? पाणी बदलतं, कापड बदलतं. तुझ्या डब्याला सांग, मास्तरला विचार म्हणून."

बाईंनी मग तेच केलं. 'शेवटचा हात' असा रकाना केला आणि मास्तर बघून घालतील अशा शेडला तो रिकामा ठेवला. चिठ्ठीवर तिथं नुसती आडवी रेघ यायची. मास्तर त्या रेघेवर पेन्सिलीनं आकडा टाकायचे आणि काम झालं की चिठ्ठी तारेला टोचायचे. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. बावीस वर्षांत लिहायची वेळच आली नाही.

तर आता प्रश्न नव्या भाषेचा, आणि उमेदवार दोन.

पहिली भाषा मेहुण्यांची. हे धाकट्या मालकांच्या बायकोचे भाऊ. मोठ्या कंपनीतून राजीनामा देऊन आले होते, आणि नात्यानं एकट्या मालकांचे मेहुणे असूनही आता कारखान्यातल्या दीडशे माणसांचे मेहुणे झाले होते. रखवालदारसुद्धा "मेहुणे आत गेले" म्हणायचा. त्यांची भाषा कडक शिस्तीची होती. प्रत्येक गोष्ट आधी सांगून ठेवा, हा आकडा, हे अक्षर, इथं काही नसेल तर काय करायचं तेही सांगा. एक चुकलं की पडद्यावर लाल ओळ.

दुसरी लेकीची. बाईंची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि रोज फोनवर म्हणायची, "आई, माझीच घे. मी शिकवते ना. रोज अर्धा तास." ती भाषा वाचायला सोपी. चार ओळींत काम. डेटाबेसशी जोडणी करायला तयार तुकडा होता, तो बसवला की जुनी फाइल उघडलीच. बाईंनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्यांना आपल्या तेलकट पुस्तकाची, सात महिन्यांची आठवण झाली आणि जरासा रागच आला.

त्यांनी दोन्ही भाषांत एकच छोटं काम लिहून बघायचं ठरवलं. शेडचा नंबर द्यायचा, डेटाबेसातून रेसिपी आणायची, चिठ्ठी छापायची. लेकीच्या भाषेत ते मंगळवारी दुपारी चाललं. मेहुण्यांच्या भाषेत ते बुधवारपर्यंत चाललं नाही आणि बाईंच्या बोटांची नखं मात्र संपली.

बुधवारी सकाळी घरी चहा पिताना नवऱ्याचा फोन वाजला. नवरा लिफ्टमिस्त्री. पलीकडून कुणीतरी तावातावानं बोलत होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, येतो ना. पण बिघडली म्हणून अडली नाही, साहेब. दोर घसरला होता. अडली म्हणून वाचलात." फोन ठेवून तो बाईंना म्हणाला, "लोकांना लिफ्ट थांबली की माझा राग येतो. अगं, आणि तू उभ्यानं का चहा पितेस?"

"बसले तर उठावंसं वाटतं."

"मग ठरवून टाक एकदा. दोन भाषांमध्ये आमची इकडं भाजी जळतेय."

गुरुवारी मालकांच्या खोलीत दोन्ही भाषांची परीक्षा झाली. मालक टेबलामागं, मेहुणे आपला लॅपटॉप घेऊन, बाई दाराशी उभ्या. मालकांनी अकराशे चौऱ्याऐंशी नंबर सांगितला. गडद निळी शेड, महिन्याला दोनदा लागणारी. आधी मेहुण्यांची पाळी. बाईंचं अडलेलं काम त्यांनी आदल्या संध्याकाळी स्वतः पुरं करून आणलं होतं. अर्धी चिठ्ठी पडद्यावर आली, आणि पुढं लाल ओळ. प्रोग्रॅम थांबला. शेवटच्या रकान्यात काही नाही, असं म्हणत होता.

"डेटाच खराब आहे तुमचा," मेहुणे म्हणाले आणि तीच कळ दोनदा जास्त जोरात दाबली. लाल ओळ तिथंच.

मग लेकीची भाषा. बाईंनी नंबर टाकला, पापणी लवायच्या आत चिठ्ठी छापून बाहेर. चौकटी, कारखान्याचं नाव, सगळे आकडे एकाखाली एक. मालकांनी कागद हातात घेऊन लांब धरला, जसं त्यांचे वडील कापड धरायचे.

"वा. काकू, ठरलं मग?"

चार दिवसांची चुळबुळ संपायची संधी समोर होती. बाई म्हणाल्या, "ठरलं."

मेहुण्यांनी लॅपटॉप मिटला. जाताना म्हणाले, "सोपं दिसतं ते घ्यावंसं वाटतं माणसाला."

आता तरी बाईंना खुर्ची गोड लागायला हवी होती. लागली नाही. त्या घरी गेल्या, जेवताना दोनदा उठल्या. शुक्रवारी सकाळी कारखान्यात येऊन त्यांनी नवी चिठ्ठी आणि त्याच शेडची जुनी चिठ्ठी उत्तरेकडच्या खिडकीच्या काचेवर एकमेकींवर धरल्या. ही सवय त्यांना नमुन्याच्या खोलीनं लावली होती. तिथं जुन्या आणि नव्या कापडाचे तुकडे असेच धरतात, दिव्यात नाही, उजेडात. आकडे आकड्यांवर बसले. रंग, मीठ, सोडा, तापमान. शेवटच्या ओळीला जुन्या चिठ्ठीवर रेघ होती. नवीवर होतं शून्य पूर्णांक शून्य शून्य.

बाई तशाच उभ्या राहिल्या. हात वर, कागद काचेला चिकटलेले. लेकीच्या भाषेच्या त्या तयार तुकड्यानं रिकामी जागा बघितली होती आणि नीटनेटकेपणानं तिथं शून्य भरलं होतं. कुरकुर नाही, लाल ओळ नाही. शून्य म्हणजे घालू नका. पंपानं घातलं नसतं.

त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर मोजलं. रिकामे रकाने सहाशे अकरा. आणि खरोखरची शून्यं, म्हणजे फिक्या शेड, ज्यांना मास्तरांनीच वरून काही घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ती दोनशे चाळीस. दोन्ही आता एकाच तोंडावळ्याची होणार होती.

लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती, दबक्या आवाजात बोलली.

"आई, जोडणीच्या पायरीवरच ते शून्य होऊन येतं. माझ्या हातात पडेपर्यंत रिकामं कुठलं आणि शून्य कुठलं, ओळख पुसलेली असते."

"मग काय करू?"

"सोपं आहे. आधी जुन्या फाइलीतच रिकाम्या जागी नऊशे नव्याण्णव टाकून ठेव. खूण म्हणून. मग मी तेवढं ओळखते."

"आणि एखादं ओळखायचं राहिलं तर पंप नऊशे नव्याण्णव ग्रॅम रंग ओतेल."

"राहणार नाही गं."

"शून्याचंही तसंच वाटलं होतं मला कालपर्यंत," बाई म्हणाल्या.

आता एकच वाट होती जिच्यात दिलेला शब्द फिरवावा लागणार नव्हता. रिकामे रकाने भरून टाकायचे. सहाशे अकरा खरे आकडे मिळाले की भाषा कोणती का असेना. बाई जिना उतरून टाक्यांकडं गेल्या. वाफेत मास्तर स्टुलावर बसले होते, गळ्यात चष्मा, मांडीवर ओल्या कापडाचं टोक.

"मास्तर, अकराशे चौऱ्याऐंशीचा शेवटचा हात सांगा. एकदाच. आकड्यात."

"बावीस वर्षांनी परत तेच?"

त्यांनी बाईंच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, चष्मा लावला. वरून खाली वाचत गेले. शेवटच्या ओळीवर थांबले. निळसर बोट त्या शून्याखाली ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"कुणी नाही. मशीननं."

"मशीनला कुणी सांगितलं?"

मास्तर उठले, भिंतीवरच्या तारेतून चिठ्ठ्या चाळल्या आणि त्याच शेडच्या सात काढून बाईंच्या तळहातावर पत्ते वाटावेत तशा मांडल्या. पेन्सिलीचे आकडे. चार. अकरा. सात. तीन. साडेआठ. सहा. आणि एकीवर शून्य.

"यातला कुठला घालू तुझ्या डब्यात?"

"या एकीवर शून्यच आहे की, मास्तर."

"हे शून्य मी घातलंय. कापड बाहेर काढलं, बघितलं, आणि म्हटलं आज नको. तुझं न बघता आलंय." त्यांनी चिठ्ठी परत दिली. "पंप येतोय ते ठाऊक आहे मला. खोकं मीही बघतो येता-जाता. मला काढायचं होतं तर मालकांनी तोंडानं सांगायचं. तुझ्या हातून शून्य कशाला पाठवायचं?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मास्तर पुन्हा स्टुलावर बसले आणि कापड उजेडात धरलं, बाई तिथं नसल्यासारखं. बाई जिना चढू लागल्या. अर्ध्यावरूनच त्या वळल्या आणि नमुन्याच्या खोलीत शिरल्या. तिथल्या मोठ्या पोरीला म्हणाल्या, "मला अकराशे चौऱ्याऐंशीचे दोन तुकडे हवेत. एक या चिठ्ठीप्रमाणं जसाच्या तसा. दुसरा मास्तरांकडून शेवटचा हात घालून घ्यायचा."

"मास्तर आज पेटलेत, बाई. तुम्हीच जा ना."

"माझ्यावरच पेटलेत. तू जा."

शनिवारी सकाळी मालकांच्या खोलीत मेहुणे आधीच हजर होते. लेकीची भाषा घेऊन कोणती यंत्रं लागतील त्याची यादी करायला त्यांना बसवलं होतं, आणि ते दुखऱ्या दाढेनं चावल्यासारखी यादी करत होते.

बाई म्हणाल्या, "परवाचं माझं चुकलं. ती भाषा नको."

मालकांनी पेन खाली ठेवलं. "काकू, ठरलं म्हणालात तुम्ही."

"म्हणाले. आता नाही म्हणते."

"मग कुठली?"

बाईंनी मेहुण्यांकडं बघायचं टाळलं. "ही यांची."

मेहुण्यांची मान अशी काही वर आली की यादीचा कागद खाली पडला. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

"तुम्ही डेटा खराब आहे म्हणत होता," बाई म्हणाल्या. "डेटा चांगला आहे. तुमच्या भाषेला रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून ती थांबली. दुसरीलाही ठाऊक नव्हतं, पण ती थांबली नाही."

मालक म्हणाले, "काकू, मला पंप चालायला हवाय. परवा जी अडली ती तुम्हाला हवी, आणि जी चालली ती नको? टाकी अडली तर कापड अडतं."

बाईंनी पिशवीतून दोन तुकडे काढले आणि खिडकीत ठेवले. मालक खुर्चीवरून उठून तिथं गेले. कितीही झालं तरी रंगाऱ्याचा मुलगा. एक निळा भरलेला होता, खोल. दुसरा आजारातून उठल्यासारखा, कडेला हिरवट.

"हा कुठला?"

"चाललेल्या भाषेतला."

मालकांनी तो तुकडा उलटा करून बघितला, सुलटा केला, अंगठ्यानं चोळला. मेहुणेही येऊन शेजारी उभे राहिले.

"अशा किती शेड?"

"सहाशे अकरा."

"आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणं केलं तर?"

"पंप बाकीचं सगळं घालेल. रिकाम्या रकान्याशी आला की थांबेल, दिवा लावेल. मास्तर येतील, बघतील, आकडा टाकतील. मग पुढं."

"आणि मास्तर नसले त्या दिवशी?"

"तर त्यांच्या शेजारी आत्तापासून कुणालातरी उभं करा. प्रोग्रॅम विचारायचं काम करील. बघायचं नाही करणार."

मालकांनी तो तुकडा परत खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "अडला तर अडू दे," आणि मेहुण्यांना म्हणाले, "काकूंना शिकवायचं आता तुम्ही."

"शिकवतो की," मेहुणे म्हणाले. "पण बाई, आधी चार दिवस नुसतं वाचन. मगच की-बोर्ड."

बाईंनी मनात लेकीचा अर्धा तास आठवला आणि दात आवळले. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझी नको."

"तुझी देखणी आहे गं. आमच्या त्या एका रकान्याला नाही चालत."

"मग बस आता मेहुण्यांकडं शिकवणी लावून." आणि दोन दिवस तिनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला तो ओरडतच, "आई, मी त्या तुकड्याच्या आत जाऊन बघितलं. खरंच शून्य करतो गं, कसलंच न सांगता. लिहिणाऱ्याला आता कळवलंय मी."

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते बाईंना विचारू नये. मेहुणे समजावून सांगताना डोळे मिटायचे. बाईंच्या वहीत लाल ओळींची यादी झाली, कोणती कशानं येते ती. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटायचं, फरक एवढाच की पहिलीत त्या एका जागी बसत होत्या. मास्तर त्यांच्याशी बोलत नव्हते. जिन्यात भेटले की "सरक" एवढं म्हणायचे. प्रोग्रॅममध्ये काय येणार आहे ते बाई त्यांना सांगायला दोनदा खाली गेल्या आणि दोनदा वाफेतूनच परत आल्या.

पंप सुरू करायच्या दिवशी सगळे टाक्यांपाशी जमले. पडदा तात्पुरता एका टेबलावर, त्याच्यासमोर केबिनमधून आणलेली बाईंची खुर्ची. बाई तिच्या पाठीला धरून उभ्या. मालकांनी पुन्हा तोच नंबर सांगितला, अकराशे चौऱ्याऐंशी.

पंप गुरगुरला. पहिला रंग गेला, दुसरा गेला. मीठ, सोडा. कापड फिरत राहिलं, वाफ वर गेली, तासभर कुणी हललं नाही. आणि मग पंप थांबला. पिवळा दिवा लागला. पडद्यावर बाईंनी लिहिलेली ओळ आली: शेवटचा हात, मास्तरांना विचारा.

नव्या माणसांपैकी कुणीतरी म्हणालं, "गेला वाटतं."

"गेला नाही," मेहुणे म्हणाले. "थांबलाय." जणू ती कल्पना त्यांचीच.

मास्तर स्टुलावरून उठले नाहीत लगेच. ती ओळ त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. मालकांनी घड्याळात बघितलं. मास्तरांनी कापडाचं टोक काढलं, पिळलं, खिडकीपर्यंत चालत गेले, उजेडात धरलं, बाजू बदलली. तितकाच वेळ घेतला जितका गेली तीस वर्षं घेत होते, कदाचित थोडा जास्त. मग टेबलापाशी आले आणि एका निळसर बोटानं पाच दाबलं, मग पूर्णांक, मग पुन्हा पाच. कळ कुठली ते बाईंनी दाखवलं.

पंप गुरगुरला.

"टायपिस्ट," मास्तर म्हणाले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "आता परत कधी अडणार हा?"

"या पाळीत अजून चार शेड आहेत तशा."

"मग मी बसतो." त्यांनी बाईंची खुर्ची ओढून घेतली, पडद्यासमोर नीट लावली आणि तिच्यात बसले. बाई शेजारी उभ्या राहिल्या, आणि पुढच्या टाकीचा नंबर भरायला लागल्या.